प्लेगचे एकतीस आठवडे

मार्च २०२० मध्ये ‘फ्लॅटन द कर्व्ह’ हे शब्द एकाएकी सगळ्यांच्या तोंडी आले. टीव्हीवर, व्हॉट्सअॅपवर तोच एक टेकडीसारखा आलेख फिरत होता. त्यामागचं गणित ‘एसआयआर मॉडेल’ या नावाने ओळखलं जातं. लोकसंख्येचे तीन गट करायचे: ज्यांना लागण होऊ शकते ते, ज्यांना झाली आहे ते, आणि जे बरे झाले किंवा दगावले ते. मग कोणत्या गटातून कोणत्या गटात किती लोक जातात, याचा हिशेब मांडत राहायचा. वर्क फ्रॉम होममुळे मी तेव्हा फैजपूरला घरीच होतो. ऑफिसचं काम आटोपल्यावर ते मॉडेल पायथॉनमध्ये लिहून बघितलं. वीस-पंचवीस ओळी पुरतात.

हे मॉडेल आलं कुठून म्हणून १९२७ चा मूळ शोधनिबंध उघडला. लेखक दोघं, विल्यम कर्मॅक आणि अँडरसन मॅक्केंड्रिक. प्रयोगशाळा स्कॉटलंडमधल्या एडिंबरोची. पण समीकरण पडताळून बघायला त्यांनी ज्या साथीचे आकडे घेतले होते, ती होती आपल्या मुंबईची. मुंबई बेटावर १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या एकतीस आठवड्यांत प्लेगने झालेले मृत्यू.

मुंबईतल्या चाळींमधले मृत्यू वीस वर्षांनी एडिंबरोच्या शोधनिबंधात कसे पोचले, ही गोष्ट मला त्या गणिताइतकीच महत्त्वाची वाटते.

मुंबईत प्लेग ओळखला गेला तो सप्टेंबर १८९६ मध्ये, मांडवी भागात, डॉ. अकासियो व्हिएगस यांच्याकडून. पुढच्याच वर्षी सरकारने साथरोग कायदा आणला. पुण्यात रँडच्या अधिकाराखाली सैनिक घरात घुसून झडत्या घेऊ लागले आणि २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, हे आपण शाळेत शिकलो. शिकताना एक गोष्ट मात्र निसटते. झडतीच्या भीतीने लोक आजारी माणसं लपवत होते, मृत्यूही लपवत होते. रोगी सापडला की त्याला उचलून नेणार, घरच्यांना छावणीत टाकणार, सामान जाळणार. अशा घरातून खरी माहिती कोण देईल? सरकारच्या वहीत आकडा चुकतो तो कारकुनाच्या हातून, तसा भीतीपोटीही चुकतो.

नंतर धोरण बदललं. १९०५ मध्ये भारतमंत्री, रॉयल सोसायटी आणि लिस्टर इन्स्टिट्यूट यांनी मिळून प्लेगवर संशोधनासाठी सल्लागार समिती नेमली. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत काम सुरू झालं. शहरातले उंदीर पकडून तपासले, पिसवा मोजल्या, कोणत्या आठवड्यात किती माणसं मेली ते मांडलं. मुख्य म्हणजे हे सगळं सरकारी दप्तरात न ठेवता ‘जर्नल ऑफ हायजीन’ या शास्त्रीय नियतकालिकात छापत गेले. सरकारने गोळा केलेला आकडा सरकारबाहेरच्या कोणालाही वाचता आला.

त्या वाचणाऱ्यांपैकी मॅक्केंड्रिक हे इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. कसौलीच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी काम केलं होतं. १९२० मध्ये आजारपणामुळे मायदेशी परतले. कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ. १९२४ मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात त्यांचे दोन्ही डोळे गेले, तेव्हा वय अवघं २६. त्यानंतर तीन वर्षांनी हा शोधनिबंध आला. म्हणजे दोघांतल्या एकाला मुंबईचा आलेख डोळ्यांनी दिसतही नव्हता.

त्यांनी मुंबईची अख्खी साथ तीन संख्यांत बसवली: ८९०, ०.२ आणि ३.४. मी त्या माझ्या प्रोग्रॅममध्ये टाकल्या. ३.४ भागिले ०.२ म्हणजे १७. साथीचा कळस सतराव्या आठवड्यात, साधारण एप्रिलच्या मध्यावर. त्या आठवड्यात ८९० मृत्यू. वक्राखालचं क्षेत्रफळ काढलं तर ८,९००. स्क्रीनवर तो एक आकडा असतो. मुंबईत ती ८,९०० माणसं होती.

आता या गोष्टीचा दुसरा भाग. निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने २०१२ मध्ये तेच आकडे पुन्हा तपासले आणि दाखवलं की मूळ मॉडेल मुंबईच्या प्लेगला नीट लागू पडत नाही. मुंबईत प्लेग दरवर्षी ठरावीक महिन्यांत वाढायचा आणि उन्हाळा तापला की ओसरायचा. उंदीर, पिसवा आणि हवामान यांचा हा खेळ होता. कर्मॅक-मॅक्केंड्रिकनी मात्र लागणीचा दर वर्षभर सारखाच धरला होता. आकडे छापलेले होते म्हणून १९२७ मध्ये सिद्धांत मांडता आला, आणि छापलेले राहिले म्हणूनच ८५ वर्षांनी त्यातली उणीव दाखवता आली. आम्ही सॉफ्टवेअरवाले दुसऱ्याचा कोड तपासतो तो याच कारणासाठी. लिहिणारा हुशार असला तरी दुसरे डोळे लागतातच.

कोविडमध्ये आपल्याकडे काय झालं? चांगलं उदाहरण मुंबईचंच आहे. जुलै २०२० मध्ये महापालिका, नीती आयोग आणि टीआयएफआर या संस्थेने मिळून तीन वॉर्डांत रक्ताचे नमुने तपासले. झोपडपट्टीत सुमारे ५७ टक्के, तर इतर वस्तीत १६ टक्के लोकांत अँटिबॉडी आढळल्या. रोजच्या रुग्णसंख्येवरून हे चित्र कधीच दिसलं नसतं. उलट, देशभरातल्या चाचण्यांचा तपशीलवार डेटा आयसीएमआरकडे होता आणि बाहेरच्या शास्त्रज्ञांना तो मिळत नव्हता. एप्रिल २०२१ च्या अखेरीस, दुसरी लाट जोरात असताना, शेकडो शास्त्रज्ञांना पंतप्रधानांना पत्र लिहून तो मागावा लागला. दरम्यान ‘कोविड१९इंडिया’वर स्वयंसेवक राज्यांची बुलेटिन आणि ट्वीट वाचून हाताने तक्ते भरत होते. ऑक्टोबर २०२१ अखेर त्यांनी काम थांबवलं. जे आकडे एका फाइलमध्ये देता आले असते, त्यासाठी त्यांनी दीड वर्ष रात्री जागवल्या.

‘मग सगळा डेटा खुला करून टाका’ असं म्हणणं सोपं आहे. फैजपूरहून उत्तरेला सातपुडा दिसतो. त्या पट्ट्यातल्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेल आजार आहे. आई आणि वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. कोणत्या भागात किती वाहक आहेत, औषधं कुठे लागतील, हे संशोधकांना कळायलाच हवं. पण पाडा चाळीस घरांचा असेल, तर नाव काढून टाकूनही वय आणि आडनावावरून पोरगी कोणाची ते गावाला कळतं. मग तिचं लग्न अडतं. पुढच्या वेळी रक्त तपासायला कोणी हात पुढे करत नाही. प्लेगच्या झडतीत झालं तेच, नुसतं सैनिकांशिवाय.

यावर उपाय आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण मुंबईत देवनारला असलेली आयआयपीएस ही संस्था करते, आणि त्याचा घरोघरचा डेटा नोंदणी केलेल्या संशोधकांना मिळतो. त्यात नावं नसतात. सर्वेक्षणाच्या जागा नकाशावर देतानाही मुद्दाम सरकवून देतात: शहरात दोन किलोमीटरपर्यंत, खेड्यात बहुतेक ठिकाणी पाचपर्यंत. अभ्यासाला बाध येत नाही आणि घर सापडत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही संशोधनाला सूट आहे, पण त्या डेटावरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही, या अटीवर.

प्लेग खानदेशातही आला होता. बहिणाबाई चौधरींच्या ओंकार या मुलाला प्लेगमुळे कायमचं अपंगत्व आलं. आज जळगावचं आपलं विद्यापीठ बहिणाबाईंच्या नावाने आहे. तिथे गणित, संख्याशास्त्र, संगणक शिकणारी पोरं आहेत. यावल, रावेर, चोपड्याच्या उपकेंद्रांतून आशाताई दर महिन्याला नोंदी पाठवतात, त्या मुंबई-दिल्लीला पोचतात. नावं पुसून, जागा सरकवून त्याच नोंदी जळगावच्या या पोरांपर्यंतही पोचायला हव्यात. इथल्या पाड्यांबद्दल कोणते प्रश्न विचारायचे, ते त्यांना एडिंबरोपेक्षा जास्त कळतं. आणि त्यांना मिळालेलं उत्तर आधी त्या आशाताईच्या हातात पडावं, कारण घरोघर जाऊन ते सांगणार तीच आहे.