गिरणीतला उंदीरमार

यॉर्कशर टेरियर म्हटले की डोळ्यांसमोर येते ती एखाद्या धनिक बाईच्या मांडीवरची, डोक्यावर रिबिनीची गाठ मिरवणारी रेशमाची लडी. परंतु या जीवाचे कूळ शोधू जावे, तर वाट दिवाणखान्याकडे वळत नाही. ती जाते गिरणीच्या आवारात आणि विणकरांच्या कोंदट खोल्यांत. ‘टेरियर’ हे नावच मुळी मातीतले. लॅटिन भाषेत ‘टेरा’ म्हणजे भूमी. बिळात घुसून शिकार हुसकावणारा तो टेरियर.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला स्कॉटलंडातले कित्येक विणकर पोटासाठी दक्षिणेस उतरले. यंत्रमागाने हातमागाचे कंबरडे मोडले होते, आणि इंग्लंडातल्या यॉर्कशर-लँकेशर परगण्यांच्या गिरण्यांना माणसे हवी होती. बोचक्यांबरोबर त्यांनी आपली लहानखुरी, लांब केसांची कुत्रीही आणली. गिरण्यांत उंदीर माजलेले. तेव्हा ही कुत्री शोभेची नव्हती, भाकरीला जागणारी होती. तिथल्या स्थानिक टेरियरांशी त्यांचा संकर झाला. पण कोणाचा कोणाशी, हे कोणी टिपून ठेवले नाही. दिवसभर मागापाशी राबणाऱ्याला कुत्र्याची वंशावळ लिहायला फुरसत कुठली? पुढे त्या कुत्र्यांचे लांब केस पाहून लोक थट्टेने म्हणत, हा झगा मागावरच विणून काढला असावा.

पहिले ठळक नाव सापडते ते ‘हडर्सफील्ड बेन’चे. जन्म 1865 चा. ब्रॅडफर्डच्या फॉस्टरबाईंनी त्याला पाळले. प्रदर्शनांत त्याने बक्षिसे लुटली, आणि उंदीर मारण्याच्या शर्यतींतही तो मागे नव्हता. 1871 साली गाडीखाली सापडून तो मेला. आयुष्य अवघे सहा वर्षांचे. पण त्याची पिल्ले त्याचेच रूप घेऊन जन्मली, म्हणून त्याला या जातीचा जनक मानतात.

1870 च्या सुमारास एका वार्ताहराने सुचवले की, यॉर्कशरात ही जात एवढी सुधारली आहे, तर तिला नावही तेच द्यावे. 1874 च्या केनेल क्लबच्या पहिल्या वंशनोंदीत ‘स्कॉच’ आणि ‘यॉर्कशर’ ही दोन्ही नावे शेजारी नांदतात; पुढे पहिले गळाले. ज्यांनी कुत्री आणली त्यांचा मुलूख पुसला गेला आणि गिरण्यांचा परगणा तेवढा उरला. मला हे खटकते.

रूप पालटले तरी स्वभाव पालटला नाही. तीन-सव्वातीन किलोचा हा प्राणी दांडग्या कुत्र्यावरही बेधडक भुंकत जातो. त्याची खरी परीक्षा दुसऱ्या महायुद्धात झाली. 1944 साली न्यू गिनीच्या जंगलातल्या एका खंदकात अमेरिकन सैनिकांना चार पौंडांची एक कुत्री सापडली. बिल विन नावाच्या सैनिकाने ती विकत घेतली. तिचे नाव स्मोकी. पुढे फिलिपाईन्समधल्या लिंगायेन आखाताकाठी धावपट्टीखालून टेलिफोनची तार न्यायची होती. नळ 70 फूट लांब, 8 इंच रुंद, आणि सांध्यांपाशी माती साचलेली. तारेची दोरी गळपट्ट्याला बांधून स्मोकी आत शिरली आणि दुसऱ्या टोकाला विनच्या हाकेसरशी बाहेर पडली. एरवी धावपट्टी खणावी लागली असती, आणि खणणारी माणसे शत्रूच्या विमानांखाली उघडी पडली असती. बिळात शिरण्याची ती जुनीच विद्या!

म्हणून अशा कुत्र्याला बाहुलीसारखे वाढवू नये असे माझे मत आहे. त्याला रोज फिरायला न्यावे. मात्र दोरी गळ्याला नव्हे, छातीच्या पट्ट्याला बांधावी, कारण श्वासनलिका नाजूक असते. पिल्लांच्या रक्तातली साखर चटकन उतरते; त्यांना थोडेथोडे, पण वारंवार खाऊ घालावे. केसांखाली लोकरीचा थर नसल्याने थंडी बाधते, आणि केस माणसासारखे वाढतच राहतात. रोज विंचरायला वेळ नसेल तर सरळ कातरून टाकावेत. दुधाचे दात कित्येकदा पडत नाहीत. ते पशुवैद्याकडून काढून घ्यावेत. आणि चहाच्या पेल्यात मावेल असे पिल्लू कोणी विकू लागला, तर घेऊ नये. तशी वेगळी जात नाही. मुद्दाम खुरटवलेल्या त्या जीवाची हाडे आणि काळीज जन्मभर कुरकुरत राहतात.