घरातच हरवलेली वाट

राजेरजवाड्यांच्या लढाया आपण सनावळीसकट पाठ करतो. पण माणसाच्या विसरण्यालाही इतिहास आहे, हे सहसा कुणाच्या ध्यानी येत नाही. त्यातले एक पान आज वाचकांपुढे ठेवावेसे मला वाटते.

सन १९०१ च्या नोव्हेंबरात जर्मनीतील फ्रांकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाची बाई दाखल झाली. जे घर तिने वर्षानुवर्षे सांभाळले, त्याच घरात तिला वाट सापडेना. वस्तू इकडून तिकडे ओढाव्यात, कुठेतरी लपवाव्यात, असे चाले. आपण ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून मोकळे झालो असतो. पण हिचे वय होते अवघे ५१!

तेथील डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी तिची उत्तरे बारकाईने टिपून ठेवली. १९०६ च्या एप्रिलात ती वारली. तोवर म्युनिकला गेलेल्या अल्झायमरांनी तिचा मेंदू मागवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. तो आक्रसला होता. पेशींत तंतूंचा गुंता माजला होता. त्याच नोव्हेंबरात त्यांनी ट्यूबिंगेनच्या सभेत हे सांगितले, तेव्हा कुणी फारशी दखल घेतली नाही. पुढे १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमरांचे नाव दिले.

पण वाटच का हरवावी? याचा धागा सापडायला बराच काळ जावा लागला. १९७१ साली लंडनमध्ये जॉन ओकीफ व त्यांच्या सहकाऱ्याला उंदराच्या मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात अशा पेशी आढळल्या, की उंदीर ठराविक जागी आला म्हणजेच त्या जाग्या होत. २००५ साली नॉर्वेतील मोझर दांपत्याच्या चमूने शेजारच्याच भागात जागेची षट्कोनी जाळी आखणाऱ्या पेशी दाखविल्या. या तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. आणि तंतूंचा तो गुंता सहसा याच शेजारात प्रथम सुरू होतो, हे ब्राक दांपत्याने १९९१ मध्येच दाखविले होते. म्हणजे कसर लागते ती नकाशालाच!

तेव्हा ओळखीच्या गल्लीत आजोबा थबकले, तर तो म्हातारचळ नव्हे. त्यांना दटावू नये, डॉक्टरांना दाखवावे. आणि दिवाळीच्या साफसफाईत सारे घर उलटेपालटे केले, तरी मला वाटते, त्यांची खाट, त्यांचे कपाट आणि मोरीकडे जाणारी वाट तेवढी जागच्या जागी असू द्यावी. रात्री तिथे एक दिवाही असावा.