विपळाचा हिशेब

भोर तालुक्यातल्या आमच्या आंबवड्यात जिवा महालाची समाधी आहे. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण आम्ही कळत्या वयापासून ऐकत आलो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा वार महाराजांवर पडणार, तोच जिवाने त्याला गाठले. तेच शौर्य, पण क्षणभर उशिरा आले असते तर? शब्दांचेही असेच असते, हे मला फार उशिरा उमगले.

एका परदेशी चित्रपटाचे संवाद मी मराठीत उतरवले होते. पडद्याखाली ओळ केव्हा उमटावी, केव्हा पुसली जावी, याचे टिपणही मीच केले. आमच्या आबांना ऐकू येत नाही. मोठ्या हौसेने त्यांच्यापुढे चित्रपट लावला. पहिली ओळ बरोबर आली. पंधरा मिनिटांनी मात्र नायक दार ओढून निघून गेला, आणि अर्ध्या मिनिटाने खाली ‘थांब!’ उमटले.

आबा म्हणाले, “आरं, त्यो गेला की! आता कुणाला थांब म्हंतोस?”

शेवटचे संवाद उमटायच्या आधीच चित्रपट संपला.

दोष कुठे होता, याचा शोध मला मागे घेऊन गेला. फाळक्यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्रा’त हिंदी आणि इंग्रजी मजकुराच्या पाट्या फितीतच जोडलेल्या होत्या, त्या चुकणार कशा? मग बोलपट आले. ‘अयोध्येचा राजा’ १९३२ चा. बोलपटांचा वेग सेकंदाला २४ चित्रे असा ठरला. फुटाला १६ चित्रे, म्हणून ३ फूट फीत म्हणजे २ सेकंद, असा फुटांनी हिशेब होई. दूरचित्रवाणी आली तेव्हा युरोपातील बहुतेक देशांनी, आणि पुढे आपणही, २५ चित्रांचा वेग धरला. अमेरिकेत तो २९.९७ झाला. १९६० नंतरच्या दशकात चित्रफितीवरच्या प्रत्येक चित्राला तास, मिनिट, सेकंद आणि चित्र असा क्रमांक मिळू लागला. अमेरिकन पद्धतीत दर मिनिटाला दोन क्रमांक गाळतात, दहावे मिनिट तेवढे सोडतात. पंचांगात तिथीचा क्षय होतो, दिवसाचा नाही. तसे येथे आकडे गळतात, चित्रे नाहीत.

माझे टिपण २४ च्या वेगाचे होते, प्रत २५ च्या वेगाची. तासाचा चित्रपट ५७ मिनिटे ३६ सेकंदांत संपत होता. फरक २ मिनिटे २४ सेकंदांचा. आपल्या जुन्या मापाने २४ सेकंदांचे एक पळ. म्हणजे तासाला नेमकी सहा पळे मी हरवली होती! विपळ ०.४ सेकंदाचे, २५ च्या वेगाने त्यात बरोबर दहा चित्रे बसतात. भाषांतर मी शब्दांचे केले होते, काळाचे करायचे राहून गेले होते.

प्रत्येक वेळेला २४ ने गुणून २५ ने भागले आणि आबांना पुन्हा बसवले. नायकाचा हात कडीवर असतानाच ‘थांब!’ आले. आबा काही बोलले नाहीत; फक्त जरा पुढे सरकून बसले.