जिल्हा परिषद शाळेतील आरोग्य व शारीरिक शिक्षण : पालकांचा अधिकार कोठवर?

जालना जिल्ह्याच्या पूर्वेकडील मंठा तालुक्यात खेड्यापाड्यांतील बहुतांश मुलांचे प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदेच्या शाळांतच होते. मराठवाड्यातील आपल्या श्रद्धावंत कुटुंबांची मुलेही त्याच शाळांत बसतात, कारण धर्मसंस्थांनी चालविलेल्या शाळा वाड्या-तांड्यांपर्यंत पोहोचलेल्या नाहीत. या शाळांत आरोग्य व शारीरिक शिक्षण म्हणून काय शिकविले जाते, ते शिकविणे शासनावर कितपत बंधनकारक आहे आणि त्यातील एखादी गोष्ट पालकाला नको असेल तर त्याला नकार देता येतो का, यांची माहिती प्रस्तुत लेखात दिली आहे.

विषय आणि शिक्षक

महाराष्ट्रात हा विषय पहिलीपासून दहावीपर्यंत अनिवार्य आहे. प्राथमिक वर्गांत तो कला व कार्यानुभव यांच्या जोडीने येतो. बालभारतीने या तिन्हींसाठी मिळून ‘खेळू, करू, शिकू’ ही पुस्तके काढली. शरीराची स्वच्छता, आहार, संसर्गजन्य रोग यांची माहिती ‘परिसर अभ्यासा’च्या पाठांतून मिळते. मैदानावर कवायत, लेझीम, लंगडी, खो-खो, कबड्डी, योगासने आणि सूर्यनमस्कार घेतले जातात. नववी-दहावीत या विषयाला श्रेणी मिळते, मात्र ती टक्केवारीत धरली जात नाही. ज्याचे गुण धरले जात नाहीत त्या विषयाचा तास परीक्षेच्या दिवसांत गणिताकडे जातो, हे सांगण्यासाठी कोणा तज्ज्ञाची गरज नाही.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 साली संमत झाला आणि 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आला. मुलांच्या शारीरिक व मानसिक क्षमतांचा पूर्ण विकास हे अभ्यासक्रमाचे एक उद्दिष्ट असावे, असे या कायद्याच्या 29व्या कलमात म्हटले आहे. कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला क्रीडांगण आणि प्रत्येक वर्गाला खेळाचे साहित्य असावे अशी अट आहे. सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही असावा, असे अनुसूची सांगते.

या शंभराच्या अटीकडे वाचकांनी लक्ष द्यावे. मंठ्यासारख्या तालुक्यातील लहान शाळांत सर्व वर्ग मिळूनही शंभर मुले नसतात. तेथे पीटीचा तास तोच शिक्षक घेतो जो सकाळी मराठी, दुपारी विज्ञान आणि मधल्या वेळेत पोषण आहाराची नोंदवही सांभाळतो. अशा शाळेत खो-खोचे दोन खांब रोवून झाले तरी पुष्कळ झाले असे म्हणावे लागते. याच अधिनियमाच्या 17व्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना मनाई केली आहे. म्हणून उठाबशा किंवा मैदानाला फेऱ्या हा ‘व्यायाम’ शिक्षा म्हणून दिला जात असेल, तर तो शारीरिक शिक्षणाच्या नावाखाली खपवून घेण्याचे कारण नाही.

या विषयाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचे. शारीरिक शिक्षणाचे भारतातील पहिले महाविद्यालय 1920 साली मद्रासमध्ये वायएमसीएच्या हॅरी क्रो बक यांनी सुरू केले. मुंबई प्रांताने 1938 साली कांदिवली येथे शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था काढली. मंठा त्या वेळी निजामाच्या राज्यात होते आणि या प्रांतिक प्रयत्नांच्या कक्षेबाहेर राहिले.

नकाराचा अधिकार

इंग्लंडमध्ये पालकाला आपल्या मुलाला लैंगिक शिक्षणाच्या तासातून वगळण्याची विनंती करता येते; 2020 पासून लागू झालेल्या नियमांनुसार आरोग्य शिक्षणातून मात्र वगळता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये एका मुस्लीम दांपत्याने आपल्या मुलींना मुलामुलींच्या एकत्र पोहण्याच्या तासाला पाठविण्यास नकार दिला. तेव्हा युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने जानेवारी 2017 मध्ये शाळेच्या बाजूने निकाल दिला. महाराष्ट्रात आरोग्य व शारीरिक शिक्षण या विषयातून विश्वासाच्या कारणास्तव सूट मागण्याची अशी आखीव तरतूद नाही. आजारपण किंवा अपंगत्व असल्यास वैद्यकीय प्रमाणपत्र देऊन कष्टाच्या व्यायामातून सूट घेता येते. परंतु विषयच नको, असे पालकाला म्हणता येत नाही, आणि आमच्या मते तसे म्हणता न येणे हे मुलांच्या हिताचेच आहे.

याचा अर्थ पालकाच्या हाती काहीच नाही असा नव्हे. पूर्णतः शासकीय निधीवर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, असे राज्यघटनेच्या 28व्या अनुच्छेदात आहे. अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळेत ते दिले जात असेल तर अज्ञान मुलाच्या पालकाच्या संमतीविना मुलाला त्यात सहभागी करता येत नाही. आसने हा व्यायाम आहे. पण त्यांच्या जोडीने एखाद्या धर्माची प्रार्थना सक्तीने म्हणवून घेतली जात असेल, तर पालकाने मुख्याध्यापकांचे लक्ष या अनुच्छेदाकडे नम्रपणे वेधावे. केरळातील तीन विद्यार्थी त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे राष्ट्रगीत गात नसत, मात्र त्या वेळी आदराने उभे राहत. त्यांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने 1986 साली चुकीचे ठरविले. बृहन्मुंबई महानगरपालिकेने 2016 साली आपल्या शाळांत सूर्यनमस्कार अनिवार्य करण्याचा ठराव केला तेव्हा त्याला कडाडून विरोध झाला. पुढच्याच वर्षी पहिली ते आठवीसाठी योग सक्तीचा करावा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. शाळांत काय शिकवावे हे ठरविणे न्यायालयाचे काम नव्हे, असे न्यायालयाने सांगितले. हाच 28वा अनुच्छेद आपल्या संस्थांच्या अनुदानित शाळांनाही लागू आहे. अन्यधर्मीय मुलाला धर्मशिक्षणाच्या तासाला बसवायचे तर त्याच्या पालकांची संमती हवी, हे आपण विसरू नये.

औषध व लस यांचा प्रश्न वेगळा आहे. गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम महाराष्ट्रात 27 नोव्हेंबर 2018 रोजी सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांसाठी ती होती आणि शाळा हे तिचे मुख्य केंद्र होते. दिल्लीत याच मोहिमेविरुद्ध काही पालक उच्च न्यायालयात गेले. पालक गप्प राहिले म्हणजे त्यांनी होकार दिला असे धरता येणार नाही, स्पष्ट संमती हवी, असे त्या न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितले. जंतनाशक गोळी किंवा दर आठवड्याची लोहाची निळी गोळी याबाबत कोणाची हरकत असेल, तर ती वर्गशिक्षकांस लेखी कळविणे उत्तम. तरीही हरकत घेण्यापूर्वी मुलीच्या डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहाव्यात. त्या फिकट दिसल्या तर आरोग्य उपकेंद्राची वाट धरावी.

पालकांच्या निवडीचा सर्वांत बोलका प्रसंग पोषण आहारात घडला. नोव्हेंबर 2023 मध्ये शासनाने आठवड्यातून एकदा अंडे आणि शाकाहारी मुलांना केळे किंवा स्थानिक फळ देण्याचा निर्णय घेतला. प्रत्येक घराला आपापला मार्ग मोकळा होता. विरोध झाल्यावर जानेवारी 2024 मध्ये नवा नियम आला : ज्या शाळेत चाळीस टक्के पालकांची हरकत असेल तेथे कोणालाच अंडे द्यायचे नाही. पहिल्या निर्णयात पालक स्वतःच्या मुलाविषयी ठरवीत होता. दुसऱ्यात तो शेजाऱ्याच्या मुलाविषयीही ठरवू लागला. ज्या घरात आठवडाभर डाळही पातळ होते, त्या घराच्या मुलाचे अंडे दुसऱ्याच्या सहीने जाणे याला पालकांचे स्वातंत्र्य म्हणणे कठीण आहे. जानेवारी 2025 मध्ये तर शासनाने अंड्यांसाठीचा निधीच थांबविला आणि लोकसहभागातून खर्च भागवावा असे शाळांना कळविले.

किशोरवयाचे शिक्षण

एड्स प्रतिबंधाच्या हेतूने केंद्र शासनाने आखलेला किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम 2007 साली महाराष्ट्रात बंद करण्यात आला. अनेक लोकप्रतिनिधींचा शिक्षकांना दिलेल्या साहित्यातील चित्रांना व भाषेला आक्षेप होता. एम. व्यंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीनेही 2009 साली शाळांत लैंगिक शिक्षण नको असाच अभिप्राय दिला. आक्षेप असलेल्या पालकाला वगळण्याची मुभा देता आली असती. येथे सर्वांसाठीच दार लागले. त्यानंतर हाच विषय वेगळ्या नावांनी परतला. 2018 च्या दहावीच्या विज्ञान पुस्तकात मानवी प्रजनन व मासिक पाळीचे चक्र आहे. 2020 साली सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमाच्या अकरा विषयांत प्रजनन आरोग्य, व्यसनप्रतिबंध व इंटरनेटचा सुरक्षित वापर आहेत. 2022 पासून शाळांत सखी सावित्री समित्या स्थापण्याचा आदेश आहे.

काही पालकांना वाटते की अशा शिक्षणाला दूर ठेवणे हाच ख्रिस्तसभेचा मार्ग होय. वस्तुस्थिती निराळी आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजीच्या शिक्षणविषयक घोषणापत्रात वाढत्या वयाच्या मुलांना विधायक व विवेकी लैंगिक शिक्षण मिळावे असे म्हटले आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1981 साली कुटुंबविषयक प्रबोधनपत्रात हे शिक्षण आईवडिलांच्या देखरेखीखाली, घरी किंवा त्यांनी निवडलेल्या शाळेत व्हावे असे सांगितले. म्हणजे पालकांचा अधिकार हा शिकविण्याचा आणि लक्ष ठेवण्याचा आहे, मौनाचा नव्हे.

मराठवाड्यात या मौनाची किंमत मुली मोजतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जालना जिल्ह्यातील 20 ते 24 वयोगटातील सुमारे एक-तृतीयांश स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांपूर्वी झालेले आढळले. पाळी सुरू झाल्यावर शाळा सुटलेल्या मुलीच्या हाती दहावीचे विज्ञानाचे पुस्तक कधी पडतच नाही. म्हणून पाचवी ते आठवीच्या काळात, आई आणि शिक्षिका यांच्याकडून, हे ज्ञान मिळणे अगत्याचे आहे.

ऊसतोडीचा हंगाम आणि शाळा व्यवस्थापन समिती

मंठा, परतूर, घनसावंगी या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मुले सोबत गेली तर केवळ अभ्यास बुडत नाही. 10 फेब्रुवारीची जंतनाशक गोळी, आठवड्याची लोहाची गोळी आणि रोजचे शिजवलेले जेवणही बुडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली पालघर येथून सुरू झाला. त्याचे पथक शाळेत वर्षातून एकदा तपासणीस येते. ती भेट हंगामात झाली तर हृदयातील छिद्र किंवा ऐकण्यातील दोष आणखी एक वर्ष लपून राहतो. मूल गावी ठेवायचे की फडावर न्यायचे, हीच या पालकांची खरी निवड असते, आणि तिचा निर्णय मुकादमाकडून घेतलेली उचल करते.

अशा मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पालक बाहेरगावी असताना मूल गावातच राहून शाळेत जाऊ शकते. येथे शाळा व्यवस्थापन समितीचे महत्त्व येते. कायद्याच्या 21व्या कलमानुसार या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. क्रीडांगणावरील अतिक्रमण, मुलींच्या स्वच्छतागृहातील पाणी, आहाराचा दर्जा, तपासणी पथकाची तारीख हे सारे या बैठकीत मांडता येते. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हा अधिनियम लागू राहिला नाही. तेथे पालक-शिक्षक संघ हेच व्यासपीठ उरते. जिल्हा परिषद शाळेतील पालकांनी मात्र हंगामी वसतिगृहाची मागणी दसऱ्यापूर्वीच्या बैठकीत लेखी नोंदवून घ्यावी आणि बाहेर जाणाऱ्या मुलांची यादी तिच्यासोबत जोडावी. दिवाळीनंतर मागणी करणारे पालक गावात नसतात.