किल्ल्या कोणाच्या कमरेला?

आमच्या घरी कोठीच्या किल्ल्या आजीच्या कमरेला असत. अमेरिकन सरकारच्या कॉम्प्युटर खरेदीचा इतिहास वाचताना तीच आठवली.

१९६५च्या ब्रुक्स कायद्याने या खरेदीच्या किल्ल्या 'जीएसए' या एकाच खात्याकडे दिल्या. मग ओरड सुरू झाली, परवानग्या मिळून यंत्र येईपर्यंत ते जुनं होतं! १९९६च्या क्लिंगर-कोहेन कायद्याने किल्ल्या खात्याखात्यांत वाटल्या आणि मोठ्या खात्यांत 'सीआयओ' नेमले. पण बऱ्याच ठिकाणी बजेटवर त्यांचं काही चालेना. तो अधिकार द्यायला २०१४चा फिटारा कायदा यावा लागला.

मी स्वतः सॉफ्टवेअरवाला. पण मला वाटतं, खरा प्रश्न यंत्राचा नव्हताच. पैसा बुडाला तर जाब कोणाला विचारायचा?

आमच्याकडे तूप संपलं की कोणाला विचारायचं, हे पोरासोरांनाही ठाऊक होतं. असो.