टाचेचें दुखणें आणि थंडीचा उपाय

सकाळीं अंथरुणावरून उठून पहिलें पाऊल जमिनीवर टेकावें आणि टाचेंत खिळा रुतल्यासारखी कळ मस्तकापर्यंत जावी, हा अनुभव दिवसाचे तास उभ्यानें काढणारांस नवा नाहीं. फळ्यापुढें उभें राहून आयुष्य घालविल्यामुळें माझाहि या दुखण्याशीं जुना परिचय आहे. अशा वेळीं विटेचा अगर वाळूच्या पुरचुंडीचा शेक देण्याची आपल्याकडे चाल; थंडीनें दुखणें वाढतें, अशीच आपली समजूत. परंतु थंडीनेंच पायाची वेदना शमविण्याचा यत्न मनुष्यानें फार प्राचीन काळापासून केला आहे.

सुमारें चोवीसशें वर्षांपूर्वीं होऊन गेलेला ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीस याच्या नांवावर असलेल्या सूत्रांत वातरक्त, लचक आणि जखम नसलेली सूज यांवर थंड पाण्याची भरपूर धार धरावी, असें सांगितलें आहे. बेताची बधिरता वेदना घालविते, असें त्याचें कारणहि दिलें आहे. रुधिराभिसरणाचा सिद्धान्त १६२८ सालीं प्रसिद्ध करणारा विल्यम हार्वे स्वतः वातरक्तानें पीडलेला होता. कडाक्याच्या थंडींतहि तो पाय उघडे टाकून गच्चीवर बसे, ते पाण्याच्या बादलींत बुडवी आणि गारठून मरणप्राय झाला म्हणजे शेगडीशीं येई, असें त्याचा परिचित जॉन ऑब्रे यानें लिहून ठेविलें आहे.

या उपायांत गुण होता. नव्हतें तें प्रमाण. किती थंडी, किती वेळ आणि नेमकी कोठें, हें ठरविण्याचें साधन हवें होतें. या दिशेनें मोठें पाऊल टाकलें तें जेम्स आर्नॉट (१७९७–१८८३) या इंग्रज डॉक्टरानें. बर्फाच्या चुऱ्यांत मीठ मिसळलें म्हणजे तें मिश्रण गोठणबिंदूच्याहि बरेंच खालीं जातें, हें कुलफी करणारासहि ठाऊक असतें. आर्नॉटनें याच गोष्टीचा उपयोग वेदनेवर केला. पाणी झिरपूं न देणारी एक उशी, तिला जोडलेल्या दोन लवचिक नळ्या आणि गार पाण्याचें पात्र, अशी त्याची योजना होती. एका नळीनें थंड पाणी येई, दुसरीनें निघून जाई. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनांत या उपकरणास पदक मिळालें.

तथापि काळ त्याला अनुकूल नव्हता. १८४६ सालीं ईथर आणि १८४७ सालीं क्लोरोफॉर्म पुढें आलें होतें, आणि शस्त्रवैद्य त्यांवर लुब्ध झाले होते. १८४८ च्या जानेवारींत न्यूकॅसलजवळ पंधरा वर्षांची एक मुलगी, केवळ पायाचें नख काढावयाचें म्हणून क्लोरोफॉर्म दिलें असतां, कांहीं मिनिटांत मरण पावली. वरवरच्या शस्त्रक्रियेस थंडीनें जागा बधिर करणें पुरे असतां प्राण धोक्यांत कां घालावा, असें आर्नॉटचें म्हणणें होतें. तें फारसें कोणी ऐकलें नाहीं.

शिवाय बर्फ सुलभ नव्हता. १८३३ सालीं बोस्टनहून निघालेलें 'टस्कनी' जहाज सुमारें चार महिन्यांच्या प्रवासानंतर बर्फ घेऊन कलकत्त्यास पोंचलें. लौकरच मुंबईसहि असा बर्फ येऊं लागला. श्रीमंतांच्या पेल्यांत पडणारी ती चैन टाचेवर कोण ठेवणार? विसाव्या शतकांत शीतकपाटें घरांत शिरलीं, तेव्हां परिस्थिति पालटली. गोठूनहि मऊ राहणारी जेलची पिशवी निघाली. दाबतांच आंतील पाण्याची पुडी फुटून क्षार विरघळतो व त्यामुळें गार होते, अशीहि पिशवी निघाली. घरगुती युक्ति त्याहून सोपी : बाटलींत पाणी गोठवावें आणि ती तळपायाखालीं फिरवावी.

१९७८ सालीं डॉ. गेब मिर्किन या अमेरिकन वैद्यांनीं दुखापतीवर विश्रांति, बर्फ, दाब आणि दुखरा अवयव उंच ठेवणें ही चतुःसूत्री रूढ केली. २०१४ सालीं त्यांनींच प्रांजळपणें लिहिलें कीं, बर्फानें दुखापत भरून येण्यास विलंबहि होऊं शकतो. वेदना हा निरोप्या आहे. थंडी त्याचें तोंड घटकाभर बंद करते; निरोप मात्र खोटा ठरत नाहीं. म्हणून बर्फ फडक्यांत गुंडाळून पंधरा-वीस मिनिटेंच लावावा; आणि मधुमेहानें ज्याचे पाय आधींच बधिर झाले आहेत, त्यानें तर वैद्यास विचारल्यावांचून या वाटेस जाऊं नये. जेथें निरोप्याच मुका झाला आहे, तेथें थंडीनें कातडी करपली तरी कळत नाहीं.

आर्नॉटची उशी आज कोणाच्या घरीं नाहीं. परंतु थंडी मोजून वापरावी, हा त्याचा धडा प्रत्येक घरीं असावा.