गोळी लागते

आमच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना एकदा विचारलं, "हल्ली झोप लागते का?" त्या म्हणाल्या, "गोळी घेतली की लागते." दोनेक वर्षांनी पुन्हा तोच विषय निघाला, तेव्हा म्हणाल्या, "मला गोळी लागते." शब्द जवळपास तेच. पण पहिल्या वाक्यात लागत होती ती झोप, आणि दुसऱ्यात तिच्या जागी गोळी येऊन बसली होती.

लागणे हे क्रियापद मोठं चिकट. संस्कृत 'लग्' म्हणजे चिकटणे. 'लग्न' म्हणजे चिकटलेलं. प्राकृतात त्याचं 'लग्ग' झालं आणि मराठीत 'लाग'. विवाहाला आपण लग्न म्हणतो तेही याच घरातलं. काळजी लागते, घोर लागतो, डोळा लागतो, नाद लागतो, चटक लागते. दिवा स्टेशनात गाडी फलाटाला लागते, आणि कोकणात जाताना एसटीत बसलं की पोटातही लागते. माणसाच्या बाबतीत लागतं तेव्हा वाक्यातला माणूस कर्ता उरत नाही. 'ला' जोडून त्याला बाजूला बसवलेलं असतं. 'मी गोळी घेते' म्हणणारी बाई 'मला गोळी लागते' म्हणू लागली, की मधल्या काळात काहीतरी घडलेलं असतं.

अर्थात थायरॉइडची गोळीही 'लागते'च, आणि ती खरोखर लागते. व्याकरणाला दोन्ही सारख्याच. काकूंची गोळी होती अल्प्राझोलाम, त्यांच्या भाषेत 'पॉइंट टू फाइव्ह'. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन चेतापेशींना शांत करत असतं; या जातीच्या गोळ्या त्याचा जोर वाढवतात. रोज घेतल्या तर काही आठवड्यांत मेंदू त्या जोराला सरावतो. मग गोळी एकदम बंद केली की धडधड, थरथर, उडालेली झोप हे सगळं पहिल्यापेक्षा जास्त होऊन परत येतं, कधीकधी आकडीसुद्धा. म्हणून ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने 1988 मध्येच सांगितलं होतं, की या गोळ्या दोन ते चार आठवड्यांच्या वर देऊ नयेत. फसगत अशी, की 'बंद केली तर त्रास होतो, म्हणजे बघा, मला ती लागतेच' असा पुरावा गोळी स्वतःच तयार करून देते.

याला व्यसन म्हणावं का? माझं मत, म्हणू नये. मालेगावात नशेसाठी विकल्या जाणाऱ्या याच अल्प्राझोलामला 'कुत्ता गोळी' म्हणतात. ते प्रकरण निराळं. काकूंनी डोस कधी वाढवला नाही की नशा केली नाही. डॉक्टर मंडळी 'अवलंबित्व' म्हणतात. शब्द पुस्तकी आहे, पण दिव्याहून लोकलने जाणाऱ्या माणसाने त्याचा धातू जरूर पाहावा. 'लम्ब्' म्हणजे लटकणे. त्यातूनच विलंब आला, त्यातूनच लोंबणे आणि लोंबकळणे. म्हणजे गाडीला विलंब, दाराला लोंबकळणारी माणसं आणि रात्रीचं अवलंबित्व, तिघं एकाच घराण्यातले. 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळच्या वळणावर लोकलच्या दारात उभी असलेली माणसं रुळांवर पडली, काहींनी जीव गमावला. काकूंचा मुलगा त्याच मार्गाने रोज कामाला जातो. त्यांचा घोर काही खोटा नाही.

गोळीचं कुळनाम मात्र परकं वाटतं: बेन्झोडायझेपिन. उलगडून पाहिलं तर आत ओळखीची माणसं निघतात. अरबीत 'लुबान जावी' म्हणजे जावाचा धूप. युरोपात आरंभीचं 'लु' उपपद समजून गळालं आणि उरलेल्याचं बेंझॉइन झालं. त्यापासून बेंझोइक आम्ल, आणि त्या आम्लापासून 1833 मध्ये मित्शरलिखने मिळवलेलं बेन्झिन. आपल्याकडे तोच लुबान लोबान होऊन निखाऱ्यावर पडतो. पुढचा 'डाय' म्हणजे आपला द्वि. 'अ‍ॅझ' आला फ्रेंच 'अझोत'मधून. नायट्रोजनमध्ये प्राणी जगत नाहीत म्हणून लव्हॉझिएच्या मंडळींनी त्याला 'निर्जीव' ठरवलं. त्यातला 'अ' आपलाच नकाराचा, आणि ग्रीक 'झोए' हा 'जीव'चा सख्खा भाऊ. शेवटच्या 'एप'मध्ये ग्रीक हेप्टा, म्हणजे सप्त: सात अणूंचं कडं. लोबान, दोन, अजीव, सात. लिओ स्टर्नबाखने रोश या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत घडवलेल्या या कुळातली पहिली गोळी 1960 मध्ये बाजारात आली, व्हॅलियम 1963 मध्ये. काकूंची आजी घाबरलेल्या पोराला लोबानाची धुरी द्यायची म्हणे. धुरी कुणाला लागल्याचं ऐकिवात नाही.

1 मार्च 2014 पासून अल्प्राझोलाम औषध-नियमांच्या शेड्यूल एच-वनमध्ये आहे. दुकानदाराने डॉक्टरचं, रोग्याचं नाव आणि गोळ्यांची संख्या वहीत लिहायची, वही तीन वर्षं जपायची. काकूंना एका दुकानातून जुन्याच चिठ्ठीवर पट्टी मिळत राहिली. ती वही मला काही दिसली नाही.

मग एका आषाढीला त्यांनी, लोक चहा सोडतात तशी, गोळी सोडली. द्वादशीच्या पहाटे हातात कप धरवेना. उपास सुटला, गोळी सुटली नाही. सोडणे आपल्या हातात असतं, सुटणे नसतं. नंतरच्या डॉक्टरांनी रागावून परत सुरू केली आणि मग कित्येक महिन्यांत, पाव-पाव करत, उतरवत आणली.

परवा जिन्यात भेटल्या. हातात भाजीची पिशवी होती. म्हणाल्या, "अहो, काल रात्री ती पावही घ्यायची विसरले मी."